परदेशी निघण्याआधी त्या देशाचा पहिला कागद ओळखा

आमच्या घरात कागदांचं खातं माझ्याकडे आहे. मिस्टर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेले टूलमेकर. आधी वाळूजला नोकरी, मग शारजा, तिथून जर्मनीत श्टुटगार्टजवळचं एक छोटं गाव, आणि शेवटी जपानात नागोयाच्या बाजूला. ते सकाळी कारखान्यात गेले की भाडेकरार, विमा, लेकरांची शाळा, व्हिसाची मुदत, बँक हे सगळं मी बघायची. आता आम्ही लातूरला स्थायिक झालो आहोत. उदगीर, निलंगा, अंबाजोगाई, परळी भागातली पोरंपोरी फायली घेऊन घरी येतात. कुणी नर्सिंग केलेली, कुणी आयटीआयवाला, कुणी डिप्लोमावाला. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "काकू, पगार किती पडंल हातात?" मी म्हणते, पगाराचं नंतर बघू. आधी सांग, ज्या देशात चाललास तिथला पहिला कागद कोणता?

आपल्याकडे सातबारा नसला तर पीककर्ज नाही, पीकविमा नाही, ठिबकचं अनुदान नाही. बाहेरच्या देशातही असा एक कागद असतो आणि बाकीचे सगळे त्याच्या मागे रांगेत उभे असतात. अमिरातीत तो कंपनीच्या हातात असतो. जर्मनीत तो तुमच्या घराच्या पत्त्यातून निघतो. जपानात तो विमानतळावरच मिळतो, पण नगरपालिकेत जाऊन त्याच्यावर पत्ता चढवेपर्यंत त्याचा उपयोग होत नाही. एवढं कळलं की पैसा कुठं राखून ठेवायचा, कुणाशी आधी बोलून घ्यायचं आणि पहिल्या आठवड्यात काय उरकायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

गावातच उरकायचं काम

"तिकडं पोचल्यावर बघू की काकू," असं म्हणणाऱ्या पोरांना मी बसवून घेते. कारण तिकडं अडणारी निम्मी कामं इथल्या कागदांमुळे अडतात, आणि तिकडून ती दुरुस्त करणं फार अवघड जातं.

सगळ्यात आधी नाव. दहावीची सनद, आधार, पॅन, पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि जन्मदाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर ताडून बघा. वडिलांचं नाव एका ठिकाणी विठ्ठल, दुसरीकडे विठ्ठलराव. आईचं नाव कुठं सुमन, कुठं सुमनबाई. बायकोची सनद माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. आपल्याकडचा कारकून समजून घेतो, कारण राव आणि बाई त्याच्याही घरात आहेत. परदेशातल्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ते दोन वेगळे लोक दिसतात. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या आणि मग बाकीचे कागद त्याप्रमाणे बदला. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तो व्हिसाच्या धावपळीत ठेवू नका.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असलेली म्हातारी माणसं आपल्याकडे बरीच आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीनं एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देणं बंद केलं आहे. आईवडिलांना लेकाकडे महिनाभर राहायला न्यायचं असेल तर त्यांचे पासपोर्ट आधी बघा.

मग जन्मदाखला. आपल्याकडे बाळंतपण माहेरी, म्हणून पोराचं आयुष्य लातुरात गेलं तरी जन्माची नोंद सापडते आजोळच्या ग्रामपंचायतीत, नाहीतर ज्या तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथल्या नगरपालिकेत. पुष्कळदा नोंद असते पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, कारण बारसं व्हायच्या आधीच दवाखान्यानं नोंद पाठवलेली असते. ते नाव तिथंच अर्ज करून चढवून घ्या. दुसरं म्हणजे तारीख. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली माणसं गावोगाव आहेत. शाळेच्या दाखल्यावर १ जून आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत श्रावणातली तारीख, असं असेल तर पासपोर्ट काढण्याआधी त्याचा निकाल लावा. पासपोर्टवर एकदा छापलेली तारीख पुढं सगळ्या देशांत तुमच्या मागे येते.

लग्नाची नोंद हा बायकांच्या वाट्याचा सगळ्यात मोठा अडथळा. लग्न गावात थाटात झालं, हजार माणूस जेवलं, पण नोंद कुणी केलीच नाही. गावात विवाहनोंदणी ग्रामसेवकाकडे होते. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि दोघांचे वयाचे दाखले लागतात. जोडीदाराचा व्हिसा या एका कागदावर अवलंबून असतो. लग्नाला पंधरा वर्षं झाली असली तरी जा आणि करून घ्या.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या भागाची. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान एक आणि नव्या दाखल्यावर दुसरं, हे आता कित्येकांचं होतं. नाव बदलल्याच्या शासकीय अधिसूचनेची प्रत डाउनलोड करून तिचं भाषांतर फायलीत लावून ठेवा. विद्यापीठाचंही तसंच. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये झालं. त्याच्या आधी लातूर, नांदेड, परभणीतून शिकलेल्यांची पदवी संभाजीनगरच्या विद्यापीठाची आहे, आणि त्या विद्यापीठाचाही नामविस्तार १९९४ मध्येच झाला. पदवीची पडताळणी मागितली तर योग्य विद्यापीठात अर्ज करा, नाहीतर पत्र इकडून तिकडं फिरत राहतं.

शिक्क्यांचं तंत्र देशागणिक वेगळं आहे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याची खूण. त्या करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा हा एकच शिक्का पुरतो. अमिरातीसाठी आपल्याला मोठी साखळी करावी लागली: आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, आणि पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं. जर्मनीनं भारताच्या सहभागाला आक्षेप घेतला होता, त्यामुळे तिकडं अपोस्टिल चालेल असं धरून पैसे भरू नका. कागद ज्या कचेरीत द्यायचा आहे तिलाच ईमेल करून विचारा की कोणत्या स्वरूपात हवा. उत्तर छापून फायलीत ठेवा.

एजंटबद्दल थोडंच, पण काळजावर हात ठेवून सांगते. आखाती देशांत नेणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः तपासा. कायद्यानं तो कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. पासपोर्ट ईसीआर असेल, म्हणजे साधारणपणे दहावी पूर्ण नसेल, तर एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी देश सोडायची सरकारी मंजुरी, आणि प्रवासी भारतीय विमा योजना दोन्ही लागतात. विम्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण मिळतं. व्हिजिट व्हिसावर चला, तिकडं गेल्यावर वर्क व्हिसा करून देतो, असं कुणी म्हटलं तर तिथून उठून या. रान विकून असे पैसे भरलेली घरं मी बघितली आहेत.

अमिरात: आधी ऑफर लेटर वाचा

अमिरातीत सरकारी काम झपाट्यानं होतं. उतरल्यावर रक्ततपासणी आणि छातीचा एक्सरे, बोटांचे ठसे, आणि मग एमिरेट्स आयडी. आता पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर लावत नाहीत, कार्ड हाच रहिवासाचा पुरावा. त्या कार्डावर बँक, सिमकार्ड, दवाखाना, लेकरांची शाळा सगळं उघडतं. पण कार्ड उभं असतं नोकरीच्या करारावर. म्हणून इथला खरा पहिला कागद म्हणजे ऑफर लेटर, आणि तो लातूरच्या घरात बसून, चष्मा लावून, दोनदा वाचायचा असतो.

त्यात मूळ वेतन किती आणि भत्ते किती हे वेगवेगळं बघा. एकूण ३,००० दिरहॅम ऐकायला बरं वाटतं. पण मूळ वेतन १,२०० असेल तर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्या १,२०० वर निघते. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचं मूळ वेतन, पुढच्या प्रत्येक वर्षामागे ३० दिवसांचं, हा कायद्याचा हिशोब आहे. वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर काही मिळत नाही. चाचणीचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावा. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकानं करायचा असतो. पासपोर्ट तुमच्याकडे राहिला पाहिजे, तो ठेवून घ्यायचा हक्क कंपनीला नाही. पगार बँकेतूनच झाला पाहिजे, त्यासाठी सरकारची वेतन संरक्षण पद्धत २००९ पासून आहे. महिना रोखीत दिला तर तो मिळाला नाही असं सिद्ध करायला तुमच्या हातात काहीच राहत नाही.

बायकोमुलांना न्यायचं तर पगार निदान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, एवढा लागतो आणि साक्षांकित लग्नाचा दाखला लागतो. दुबईत भाडेकरार एजारी या सरकारी नोंदणीत चढवतात, शारजात पालिकेकडून साक्षांकित करतात. भाडं पुढच्या तारखांच्या चेकनं मागतात, म्हणून खात्यात त्या तारखेला पैसे असतील याची खात्री ठेवा. नोकरी जाण्याचा विमा २०२३ पासून सक्तीचा आहे. मूळ वेतन १६,००० दिरहॅमपर्यंत असेल तर महिन्याला पाच दिरहॅम. तेवढ्यासाठी दंड ओढवून घेऊ नका.

रोजच्या जगण्यात आपल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. हिंदी सगळीकडे चालतं, ज्वारीचं पीठ मिळतं, शेजारी कोणीतरी केरळचं नाहीतर सोलापूरचं निघतं. ऊन मात्र मराठवाड्याच्या माणसालाही जड जातं, कारण त्यात समुद्राची दमट हवा असते. उघड्यावर काम करणाऱ्यांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सुट्टी देणं मालकाला बंधनकारक आहे. हे हक्कानं मागा. आणि सामान भरताना सासूबाईंना, आईला स्पष्ट सांगा: खसखस नको. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. येसर, काळा मसाला घरून नेताना त्यात खसखस घातलेली नाही ना हे विचारून घ्या. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं परवानगीशिवाय नेऊ नका. गुडघेदुखीच्या गोळ्या आईवडिलांच्या पिशवीत असतात, त्यांची नावं वाचा.

जर्मनी: घर मिळालं तर सगळं मिळालं

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला तेव्हापासून आमच्याकडे जर्मनीचीच चौकशी जास्त येते. म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक फॉर्म लागतो, की हा माणूस अमुक तारखेपासून माझ्या घरात राहतो. नोंद झाली की पत्त्याचा दाखला मिळतो. त्यावरून टपालानं अकरा अंकी करक्रमांक येतो. तो नसेल तर कंपनीला तुमचा पगार सहाव्या करवर्गात धरावा लागतो, म्हणजे पहिल्या पगारातून खूप मोठी कपात. पत्त्यावरूनच बँक, आणि पुढं परदेशी नागरिकांच्या कचेरीतून रहिवासाचं कार्ड. म्हणून घर शोधताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. विचारा, नोंदणीचा फॉर्म सही करून द्याल का? स्वस्तात खोली देणारे कितीतरी जण याला नाही म्हणतात. त्या खोलीत राहून तुम्हाला काहीच पुढं सरकवता येत नाही.

दुसरी गोष्ट लहान दिसते, पण तिच्यावर सगळं अडतं. तिथं फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. कुणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर त्याच्या पेटीवर तुमचं आडनाव चिकटवून घ्या, पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं. नाव नसेल तर करक्रमांकाचं पत्र, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं परत जातं.

जर्मनीचा कारभार अजून मोठ्या प्रमाणात कागदी पत्रांवर चालतो. दोन छिद्रं पाडायचं पंच आणि जाड फाइल पहिल्या दिवशी घ्या. आलेलं प्रत्येक पत्र उघडा, त्यावरची तारीख बघा. बऱ्याच सरकारी निर्णयांवर हरकत घ्यायला एक महिना असतो, आणि तो गेला की तुमचं म्हणणं कितीही बरोबर असलं तरी उशीर झालेला असतो. तिथला कारकून तिरसट नसतो, पण फॉर्मच्या बाहेरचं काही ऐकत नाही. आपल्याकडे ओळख काढून, हात जोडून काम पुढं सरकतं. तिथं कागद पुरा असेल तर मंत्र्याच्या पोराचं आणि तुमचं काम एकाच रांगेत होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. पाहुणा असल्याची लाज न बाळगता समोर बसता येतं.

घराचं भाडं सांगताना थंड भाडं आणि उबदार भाडं असे दोन आकडे सांगतात. दुसऱ्यात तापवण्याचा आणि इतर खर्च धरलेला असतो. अनामत रक्कम थंड भाड्याच्या तीनपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. घर सोडताना साधारण तीन महिन्यांची लेखी सूचना लागते. रेडिओ-टीव्हीचं शुल्क घरटी महिन्याला १८.३६ युरो येतं, घरात टीव्ही नसला तरी. एकाच घरात चौघं राहत असाल तर एकानं भरलं की पुरतं, बाकीच्यांनी त्याचा ग्राहक क्रमांक कळवायचा.

लेकरं बरोबर असतील तर अंगणवाडीतलं, उपकेंद्रातलं लसीकरणाचं कार्ड सोन्यासारखं जपून न्या. १ मार्च २०२० पासून जर्मनीत बालवाडी आणि शाळेसाठी गोवरच्या लशीचा पुरावा सक्तीचा आहे. आपल्याकडे गोवर-रुबेलाचे दोन डोस बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत होतात, पण एएनएमताईंनी तारीख पेन्सिलनं लिहिलेली असते, नाहीतर कार्ड पावसात भिजलेलं असतं. निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दोन्ही डोसच्या तारखा शिक्क्यासह इंग्रजीत लिहून घ्या.

पदवीची मान्यता हा वेगळा रस्ता आहे. पदवीधरांनी आनाबिन या त्यांच्या यादीत आपलं विद्यापीठ आधी बघावं. टूलमेकर, मशिनिस्ट अशा धंद्यांची मान्यता न्युर्नबर्गच्या आयएचके फोसाकडून होते. नर्सिंगची मान्यता त्या त्या राज्याच्या कचेरीकडे असते, आणि तिथं जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीची, म्हणजे कामावर नीट बोलता-समजता येईल एवढी, लागते. भाषेचा कोर्स घाईनं उरकू नका. वॉर्डात म्हातारी बाई रात्री दोन वाजता काय म्हणते हे कळलं पाहिजे, तेवढ्यासाठी शिका.

गाडी चालवणाऱ्यांनो, आपलं लायसन्स तिथं सहाच महिने चालतं. पुढं लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्यानं द्याव्या लागतात.

रविवार तिथं शांततेचा दिवस. दुकानं बंद, भिंतीला ड्रिल नाही. शेंगदाण्याचं कूट, वाटण शनिवारीच करून ठेवायचं, कारण जुन्या घरांत मिक्सरचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो. श्टुटगार्ट भागात केअरवोखं म्हणून पद्धत आहे. आठवड्याच्या पाळीची पाटी दारावर लटकली की जिना आणि अंगण झाडायची पाळी तुमची. मला हे काम आवडायचं. झाडताना शेजारणी थांबून बोलायच्या, आणि माझं जर्मन वर्गापेक्षा जिन्यात जास्त सुधारलं. सामानात तूप, पनीर, खवा घालू नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. केशर आंबाही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही.

जपान: एकदा ठरलेलं स्पेलिंग बदलू नका

जपानला जाताना कंपनीनं तिथल्या इमिग्रेशनकडून पात्रतेचं प्रमाणपत्र काढून पाठवायचं असतं, त्यावर इथं व्हिसा मिळतो. मोठ्या विमानतळावर उतरलात की झाइर्यू कार्ड, म्हणजे रहिवासाचं कार्ड, तिथंच हातात देतात. घर मिळाल्यावर १४ दिवसांत पालिकेत जाऊन कार्डाच्या मागे पत्ता लिहून घ्यायचा. तिथंच रहिवास दाखल्याच्या एकदोन प्रती घ्या, त्या पुढं मोबाइलला, बँकेला, गाडीला लागतात. माय नंबर नावाचा क्रमांक टपालानं येतो. कार्ड कायम जवळ बाळगायचं, भाजी आणायला गेलात तरी.

जपानात आपली नावं लांब पडतात. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, तिन्ही मिळून बँकेच्या फॉर्मच्या चौकटीत मावत नाहीत. त्यातून ते काताकाना लिपीत लिहायचं. पालिकेतल्या बाईंशी बसून उच्चार एकदा ठरवून घ्या आणि तेच स्पेलिंग बँक, मोबाइल, विमा, पगारपत्रक सगळीकडे वापरा. एका ठिकाणी वडिलांचं नाव आणि दुसरीकडे गाळलेलं, असं झालं की पगार खात्यात जमा होत नाही. नावाचा शिक्का करून घ्या. बरीच कामं आता सहीवर होतात, पण शिक्का असला की समोरच्याचा जीव थाऱ्यावर येतो.

घर घेताना अनामत, मालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम आणि जामीन कंपनीची फी, असे तीन खर्च एकदम येऊ शकतात. नोकरी ठरवतानाच कंपनी यातलं काय देणार ते लेखी घ्या. आणि दुसऱ्या वर्षाची तयारी पहिल्याच वर्षी करा. रहिवासी कर मागच्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, साधारण दहा टक्के. पहिल्या वर्षी तो नसतोच, म्हणून हातात जास्त पगार येतो आणि माणूस गावाकडे जास्त पैसे पाठवतो. दुसऱ्या वर्षी जूनपासून कपात सुरू झाली की ओढाताण होते. कचऱ्याचे दिवस ठरलेले, नागोयात पालिकेच्या ठरावीक पिशव्याच वापरायच्या. तक्ता फ्रिजवर लावा. शेजाऱ्यांशी संबंध बिघडायचं तिथं हे एकच कारण मी बघितलं.

कंपनीनं काही वर्षांसाठीच पाठवलं असेल तर आणखी एक. जर्मनी आणि जपान या दोघांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. इथल्या ईपीएफओकडून, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कचेरीकडून, संरक्षणाचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज) आधी काढलं तर पेन्शनची दुहेरी वर्गणी वाचते. ते कंपनीकडून मागून घ्या, स्वतःहून क्वचितच देतात.

मागे राहिलेलं रान आणि मोबाइल नंबर

हा भाग पोरं ऐकत नाहीत, म्हणून मी त्यांच्या आईवडिलांसमोर सांगते.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर जिवंत ठेवा. बँक, प्राप्तिकर, जमिनीचे ऑनलाइन अर्ज, सगळ्यांचा ओटीपी त्यावर येतो. रिचार्ज संपून नंबर बंद पडला तर तो काही काळानं दुसऱ्याच कुणाला दिला जातो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा आणि वर्षाचा रिचार्ज मारा. बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. बाहेरची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडा.

जमिनीबाबत नियम नीट समजून घ्या. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची स्वतःची किंवा वारशानं आलेली ठेवता येते. शेजारचं रान विकायला निघालं म्हणून तिकडून पैसे पाठवून स्वतःच्या नावे खरेदी करायला जाऊ नका. पीएम-किसानचा हप्ताही अनिवासी खातेदाराला मिळत नाही, तेव्हा नाव स्वतःहून काढून घ्या, नाहीतर पुढं वसुली निघते.

दरवर्षीची ई-पीक पाहणी रानात उभं राहून फोटो काढून करावी लागते. एका मोबाइलवरून दुसऱ्या खातेदाराचीही नोंद करता येते, म्हणून हे काम भाऊ, दीर, जो कोणी जमीन कसतो त्याच्यावर सोपवा. आमच्या सोयाबीन-तुरीची नोंद आमचे भाऊजी करतात आणि फोटो मला पाठवतात. वडील वारले तर वारसाची नोंद आणि फेरफार लांबवू नका, सगळ्या भावाबहिणींची नावं लावून घ्या. भाऊ तिकडं, बहीण इकडं आणि सातबारा अजून आजोबांच्या नावावर, अशा घरांत पुढं बोलणं बंद होतं. हे मी फार जवळून बघितलं आहे.

सह्यांसाठी कुलमुखत्यारपत्र लागलं तर शक्यतो निघण्याआधी इथंच नोंदणी करून द्या, आणि ते मोघम नको. कोणता गट नंबर, कोणतं काम, किती मुदत हे लिहा. परदेशातून करायचं झालं तर भारतीय दूतावासात जाऊन करा, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्या.

देश सोडताना

येताना जेवढं काटेकोर वागलात तेवढंच जाताना वागा. जर्मनीत पत्त्याची नोंद रद्द करून दाखला घ्या, त्याच्यावर विमा आणि बाकीचे करार बंद होतात. अमिरातीत करार संपल्यापासून १४ दिवसांत मालकानं सगळे पैसे द्यायचे असतात. हिशोब पटेपर्यंत सगळं मिळालं अशा कागदावर सही करू नका. जपानात पालिकेला निघत असल्याचं कळवा आणि पेन्शन क्रमांकाचा कागद बरोबर आणा. भरलेल्या वर्गणीतून एकरकमी परतावा मागायला निघाल्यापासून दोन वर्षं असतात. मात्र तो घेतला की तेवढी वर्षं पेन्शनच्या हिशोबात धरत नाहीत, तेव्हा घरी बसून विचार करून अर्ज करा. आणि तिन्ही देशांत, शेवटच्या दिवसाच्या आधी, कंपनीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या: हुद्दा, कामाचं स्वरूप, पहिली आणि शेवटची तारीख, सही आणि शिक्का. पुढच्या देशाचा व्हिसा मागताना हेच पत्र मागतात, आणि लातूरला परत आल्यावर ते मिळवणं फार कठीण असतं.